चार इंच वर

मोजणीदारांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात घालवलं. कुणाचा बांध कुणाच्या हद्दीत किती शिरलाय, हे ते इंचात सांगत, आणि सांगताना आवाज असा ठेवत की भांडायला आलेले दोघेही निमूट घरी जात. निवृत्त झाले तरी हाताची खोड जाईना. घरात साधं कपाट यायचं असलं तरी आधी दाराची चौकट मोजली जाई, मग जिना, मग भिंत. बायको म्हणे, "एकदा माझंही माप घेऊन टाका, म्हणजे मला कुठं ठेवायचं ते ठरेल."

या माणसाच्या डोक्यात पस्तीस वर्षं एक तळं बसलं होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, लग्नानंतर चारच महिन्यांनी, मोजणीसाठी त्यांना एका पठारावर पाठवलं होतं. तिथं काळ्या कातळाच्या मधोमध ते तळं होतं. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, "एकदा तुला नेतो." मग बदल्या झाल्या, मुलगी झाली, मुलीचं लग्न झालं, आणि "एकदा तुला नेतो" हे वाक्य घरातल्या जुन्या घड्याळासारखं तासातासाला वाजत राहिलं. पठारावर जाणारी वाट शेवटचे दोन मैल नदीच्या कोरड्या पात्रातून जाते. नुसते गोटे. साध्या गाडीचं तिथं काम नाही.

म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी गाडी घेतली. डोंगरात गाड्या घालणाऱ्या चार टोळभैरवांशी ओळख झाली. ते म्हणाले, उचला. मोजणीदारांनी गाडी उचलली. उंच स्प्रिंगा, मोठे टायर, चार इंच वर. दाराखालचा पायदांडा दगडाला घासेल म्हणून तोही काढून टाकला. गाडी दिसायला लागली मोठी रुबाबदार. फक्त दोन वर्षांत पुढचे अ‍ॅक्सल दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा तळ्याची सहल ऐन तोंडावर रद्द झाली. आता वळताना पुन्हा कट-कट आवाज यायला लागला होता. महिनाभरात नदीला पाणी आलं की ती वाट सहा महिने बंद. या वर्षी नाही तर मग कधी, असं त्यांना खरोखरच वाटत होतं. चौसष्टावं चालू होतं.

गॅरेज चालवणारी बाई चाळिशीची होती. बापाच्या पाठीमागे तिनं गॅरेज हातात घेतलं तेव्हापासून सगळे तिला ताईच म्हणत. तिनं टेबलावरचे पाने बाजूला सारले आणि दोन अ‍ॅक्सल शेजारी शेजारी ठेवले.

"हा कंपनीचा. गाडी जन्माला आली तेव्हा हाच होता. आणि हा खास उचललेल्या गाड्यांसाठी. जाड दांडा, सांधा जास्त वाकतो, रबरही चांगलं. माझ्याकडे नमुन्याला एकच आहे. जोडी मागवली तर तीन आठवडे."

मोजणीदारांनी जाडवाला उचलून पाहिला. चांगला जड होता. हातात धरल्यावर माणसाला आपणच मजबूत झाल्यासारखं वाटावं, असा.

"आधीचे दोन का गेले, हे कळलं ना तुम्हाला?" ताईनं विचारलं. "इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा हा दांडा. सरळ असला की सुखात असतो. तुम्ही गाडी वर नेली, चाकं खालीच राहिली, दांडा झाला तिरका. सतत तिरका फिरला की हे रबर फाटतं, ग्रीस बाहेर, धूळ आत, की सांधा संपला. तुम्ही दरवेळी दांडा बदलता. म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला."

मोजणीदारांना असं ऐकून घ्यायची सवय नव्हती. त्यांनी खिशातून चौकटीच्या कागदावरची आकृती काढली. लांबी, कोन, अंतरं, सगळं सुवाच्य अक्षरात, घरी दोन दुपारी खपून केलेलं. ताईनं ती नीट पाहिली.

"काका, माप फार सुरेख घेतलंय. गाडी जॅकवर होती?"

"अर्थात. नाहीतर खाली शिरायचं कसं?"

"म्हणजे चाकं लोंबत होती. लोंबत्या चाकांचं माप घेऊन काय करू? गाडी हवेतून चालवता का?"

पस्तीस वर्षांत मोजणीदारांचं माप कुणी चुकीचं ठरवलं नव्हतं, आणि आता ठरवलं ते एका वाक्यात. त्यांचे कान गरम झाले.

"माझ्या वडिलांची पद्धत सांगते," ताई म्हणाली. "गाडी स्वतःच्या पायांवर उभी. टाकी भरलेली. आणि नेहमी जी माणसं बसतात ती बसलेली. मग कोन मोजायचा, मग अ‍ॅक्सल ठरवायचा. नेहमी किती माणसं बसतात?"

"दोन. मी आणि बायको."

ताईनं दुसरं दार उघडलं. शेजारच्या सीटवर दोराचं वेटोळं होतं, हवा भरायचा पंप होता, फावडं होतं, आणि सीटच्या पट्ट्यावर बोटभर धूळ होती. तिनं सीटकडे पाहिलं, मग मोजणीदारांकडे पाहिलं, आणि दार हळूच लावून घेतलं.

"उद्या काकूंना घेऊन या. वाळूचं पोतंही चाललं असतं, पण काकूंचं वजन तुम्ही मला खरं सांगणार नाही."

घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी कशाला? पोतं ठेवा."

"पोतं नको म्हणाली ती. अगं, पाच मिनिटांचं काम. यंदा तळं नक्की, बघ."

एकच टॉवेल तिनं दोनदा घडी केला आणि म्हणाली, "बरं. येते."

गाडी ताईकडेच राहिली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं बसनं गेले. बसच्या पायऱ्या चढताना ती दांडी धरून आधी उजवा पाय टाकी, मग डावा त्याच पायरीवर आणी, मग पुढची पायरी. मागे रांग खोळंबली. मोजणीदारांनी तिच्या पाठीला हात लावून म्हटलं, "चल, चल." तेवढंच.

गॅरेजमध्ये गाडी सपाट फरशीवर उभी होती, सामान काढून टाकलेलं. मोजणीदार टुणकन आपल्या जागेवर जाऊन बसले. बायको दुसऱ्या दारापाशी थांबली. तिनं दाराची मूठ धरली, पाय उचलला, जिथवर उचलता आला तिथवर नेला आणि परत खाली ठेवला.

"थोडं पाणी मिळेल का?" तिनं विचारलं.

ताईला कळायचं ते कळलं. ती पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

"अगं, एक उडी मार," मोजणीदार आतून म्हणाले. "मी हात धरतो."

"मारली होती एकदा."

"कधी?"

"गाडी उंच करून आणली त्या दिवशी. तुमचे ते सगळे मित्र होते. तुम्ही म्हणालात उडी मार, मी मारली, आणि गुडघ्यावर पडले. तुम्ही खाली वाकून बघत होतात, गाडीच्या पोटाखाली आता किती जागा सुटते ते. मी म्हटलं मला भाजी घ्यायचीय, आणि रिक्षानं घरी गेले. पंधरा दिवस सूज होती."

मोजणीदारांना तो दिवस आठवला. त्यांना पोटाखालची जागा आठवली. साडेदहा इंच. भाजीचं मात्र काहीच आठवेना.

"मला सांगायचंस ना!"

"काय सांगायचं? तुम्ही इतके खूश होतात. मग मी कुंड्यांना पाणी कोण घालणार म्हणाले, सर्दी झालीय म्हणाले. आणि तो तुमचा अ‍ॅक्सल तुटला तेव्हा मनातल्या मनात साखर वाटली. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा तर मला तो अ‍ॅक्सल सख्ख्या भावासारखा वाटला."

हे ती हसत म्हणाली, पण मोजणीदारांना हसू आलं नाही. ते खाली उतरले, वळसा घालून तिच्या बाजूला आले.

"एक स्टूल ठेवू गाडीत. थांबलो की स्टूल काढायचं, त्यावर पाय देऊन..."

"मी सर्कशीतला हत्ती आहे का?"

आतून ताईचा हसण्याचा आवाज आला, म्हणजे पाणी कधीच भरून झालं होतं. ती ग्लास घेऊन बाहेर आली.

मोजणीदारांनी खिशातला टेप काढला. फरशीपासून गाडीच्या उंबऱ्यापर्यंत सव्वीस इंच भरले. मग ते तसेच तेलकट फरशीवर बसले आणि टेप बायकोच्या गुडघ्याला लावला. सतरा. दोन परक्या माणसांच्या भांडणात इंचासाठी दिवस दिवस उन्हात उभा राहणारा हा माणूस, आणि घरातले हे नऊ इंच त्यानं दोन वर्षांत पाहिले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"आता दोन रस्ते आहेत," ताई म्हणाली. "जाड अ‍ॅक्सल मागवते, गाडी आहे तशी उंच राहील, नदीच्या गोट्यांवरून जाईल. नाहीतर गाडी एक इंचावर खाली आणते, कंपनीचे अ‍ॅक्सल बसवते, पायदांडा परत लावते. दांडा सरळ राहील, वर्षानुवर्षं बघायला नको. काकूही चढतील. पण मग नदीचं पात्र विसरा. पोट घासेल."

"मधलं काही? दोन इंच?"

"दोन इंचांत काकूही अडणार आणि दगडही अडणार."

मोजणीदार जाडवाला अ‍ॅक्सल हातात घेऊन उभे राहिले. त्यांना राग आला होता, हे कबूल करायला हवं. बायकोचा नाही, ताईचा नाही. पस्तीस वर्षं जपलेली एक गोष्ट ऐन वेळी हातातून निसटते त्याचा राग. तळं आहे तिथंच आहे. गाडी आहे. माणूस आहे. आणि तिन्ही एका जागी येत नाहीत.

"तूच सांग," ते बायकोला म्हणाले.

"मी नाही सांगणार. मी सांगितलं तर जन्मभर ते माझ्या नावावर राहील."

त्यांनी अ‍ॅक्सल टेबलावर ठेवला. "खाली आणा," ते ताईला म्हणाले. निकाल देताना लागायचा तो आवाज त्यांनी लावून पाहिला, पण शब्दाच्या शेवटी तो फाटला. बायकोनं उरलेलं पाणी त्यांच्या हातात दिलं.

चार दिवसांनी गाडी मिळाली. उंच स्प्रिंगा गेल्या, टायर पहिल्या मापाचे आले, आणि तिचा रुबाब बऱ्यापैकी उतरला. टोळभैरवांपैकी एकानं रस्त्यात पाहून विचारलं, "काय हो, गाडी बसली का?" मोजणीदार म्हणाले, "नाही, बायको बसली."

त्याच आठवड्यात ते निघाले. तळ्यापर्यंत जाता येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी वाट तीच धरली, कारण मोजणीदारांना दुसरी कुठली वाट सुचेना. वळणांवर कट-कट नव्हती. बायकोनं काच खाली केली होती. चार तासांत तिनं दोनदा उगाच गाडी थांबवायला लावली आणि दोन्ही वेळा ती पायदांड्यावर पाय देऊन खाली उतरून परत चढली.

नदीच्या पात्राशी रस्ता संपला. पुढे गोटेच गोटे, आणि त्यांच्यापलीकडे डोंगराची सरळ धार. मोजणीदारांनी इंजिन बंद केलं.

"त्या धारेच्या मागे," ते म्हणाले. "दोन मैल. मोठ्या टायरांवर अर्ध्या तासाचं काम होतं." मग त्यांना राहवेना. "काळा कातळ आहे चहूबाजूंनी. आणि पाणी इतकं स्थिर, की..."

"की ढग खाली पडलेत असं वाटतं," बायको म्हणाली. "पस्तीस वर्षं ऐकतेय. तोंडपाठ आहे मला." तिनं थर्मास काढून दोन कपांत चहा ओतला.

"तुला दाखवायचं होतं गं. राहूनच गेलं."

तिनं चहाचा एक घोट घेतला.

"एक सांगू का? मला ते तळं कधी बघायचंच नव्हतं."

मोजणीदार वळून तिच्याकडे बघायला लागले.

"तुम्ही महिना महिना कुठं कुठं असायचात. आलात की तळ्याचं सांगायचात, डोंगराचं सांगायचात, कुणाचा बांध किती सरकला ते सांगायचात. मी ऐकायची. मला वाटायचं, आता हा माणूस विचारेल, तुझं काय चाललं होतं म्हणून. कधी विचारलं नाहीत."

"मग नेतो म्हटलं की दरवेळी हो का म्हणायचीस?"

"रस्ता लांबचा म्हणून," ती म्हणाली. "जायला चार तास, यायला चार तास. तेवढा वेळ तुम्ही शेजारी बसलेले असणार होतात."

समोरचे गोटे मोजणीदारांना नीट दिसेनात. त्यांनी कप डॅशबोर्डवर ठेवला आणि बंद गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. जे विचारायचं होतं ते विचारायला फार उशीर झालाय, याचंच त्यांना वाईट वाटत होतं. तरी शेवटी त्यांनी विचारलं.

"काय करायचीस तू? मी नसायचो तेव्हा?"

"कुठल्या वर्षीचं सांगू?"

"पहिल्यापासून."

तिनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि ती सीटवर नीट मागे टेकून बसली.

"चार तास पुरायचे नाहीत," ती म्हणाली, आणि सांगायला लागली.