कानातला ढोल

फुलीबाई ऑपरेशनच्या टेबलावर काही केल्या पाठ करून बसेना. कुऱ्हाडीचा घाव चिघळून पाऊल काळं पडलं होतं; सडलेलं आज काढलं नाही तर विष अंगभर भिनणार होतं. पण कमरेतल्या भुलीच्या सुईचं नाव काढलं की बाई केसापासून नखापर्यंत थरथरायची.

"रूथ सिस्टर, नाडी बघा. घोडी उधळलीय नुसती," डॉक्टर म्हणाले. "सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेली तर चांगला भाव येईल! हलत्या पाठीत मी सुई घालणार नाही."

रूथ नवापूरकडची. बाळंतिणीपासून भाजलेल्या पोरांपर्यंत कितीकांचं भय तिनं गाण्यावर उतरवलं होतं. ती बाहेर बसलेल्या रेवजीकडे, बाईच्या नवऱ्याकडे गेली.

"दादा, वहिनीला ऐकायला काय आवडतं?"

"ढोल आवडस. होळीले तिन्हा पाय घरमा ऱ्हात नही." रेवजी सातपुड्यातला, ही सपाटीची बोली तो शहाद्याकडे ऊस तोडता तोडता शिकला होता. त्यानं मोबाईल पुढे केला. "यामा शे."

मोबाईलात ढोल दोन होते. रूथनं वरचा लावून पाहिला. ढोलच होता. तिच्या गावी मरणाला चर्चची घंटा वाजे. ढोल म्हणजे आनंदच, असं ती धरून चालली.

तिनं फुलीबाईच्या कानांत तारा खोचल्या. आणि काय सांगावं, वारा पडल्यावर पान थांबावं तशी बाई थांबली. मूठ उघडली. पाठ आपणहून वाकली. सुई गेली, पाय बधिर झाले, सडलेलं निघालं.

"जादू केलीत," डॉक्टर म्हणाले. रूथ दिवसभर गुणगुणत होती.

पण फुलीबाई जेवेना. पेज तोंडाशी नेली की ओठ मिटून घ्यायची. रेवजीनं विचारलं, तेव्हा डोंगरच्या बोलीत ती हळूच काही बोलली. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणस, मरेल मानूस जेवस का? ढोल वाजना, मंग पाय गयात, मंग मी गऊ."

त्यानं मोबाईल कानाला लावला आणि विस्तव लागावा तसा दूर केला.

"सिस्टर... मन्हा मरेल बापले उचलं, तवयना ढोल शे हाऊ."

ढोल तोच, कातडं तेच, वाजवणारे हातही तेच. ठेका कुठे नेतो, ते ज्याच्या गावचा ठेका त्यालाच ठाऊक. डॉक्टर ज्याला जादू म्हणाले, ते बाईचं जगातून निघणं होतं.

रूथनं दुसरा ढोल लावला, होळीचा, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मान डोलवू लागली. फुलीबाईनं डोळे उघडले. ओठांवर ओळखीचं हसू आलं. रूथनं घाईनं वाटी उचलली.

फुलीबाई नवऱ्याशी दोन शब्द बोलली आणि भिंतीकडे वळली.

"काय म्हणाल्या?"

"गावमा होळी लागनी, म्हणस." रेवजीनं मोबाईल बंद केला. "मन्हावाचून."

सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. "जखम झकास भरतेय."

उशाशी पेजेवर साय धरली होती. रूथनं वाटी उचलली आणि पुन्हा गरम करायला नेली.