काजलचं आडनाव

खुर्चीवर टेकण्याआधी नागसेननं सदऱ्याच्या खिशातलं पाकीट पुन्हा एकदा चाचपलं. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या पत्राच्या पोटात ते आलं होतं. पौर्णिमानं त्यावर तिकीट चिकटवून, आपलाच पत्ता घालून उत्तरासाठी पाठवलेलं. पत्र त्याला पाठ होतं. ‘काका, तुमची वही मी संगीतात बसवते आहे. सगळीच्या सगळी, साधं बोलणंसुद्धा गाऊनच. लेखक म्हणून तुमचं नाव घालू का? हो की नाही, एवढंच लिहा. उत्तर आलं नाही, तर वही चालेल पण नाव नको, असं समजेन.’

उत्तर लिहायला त्यानं घेतलं होतं. अकरा कागद फाडले. एकात फार हुरळल्यासारखं वाटलं, दुसऱ्यात फार आढेवेढे. अल्लीपूरच्या वाचनालयात चौतीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं दिली-घेतली; आता आपणही लिहितो असं कोणत्या तोंडानं सांगायचं? ती वही त्यानं आजवर एका पौर्णिमालाच दाखवली होती. ती तेव्हा बारावीत होती आणि वाचनालयातली सगळी पुस्तकं वाचून संपवून ‘आता काय?’ म्हणून त्याच्यासमोर उभी राहिली होती.

आज तीच वही बाजाराच्या मैदानात पाच-सहाशे माणसांपुढे सादर होणार होती.

“हे पाह्य,” शेजारच्या खुर्चीवरून रूपराव मंचावरच्या फलकाकडे बोट दाखवत म्हणाला. तो नागसेनचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. शेतातून आला की रोज वाचनालयात पेपर वाचायचा. “संगीतिका काजल. संगीत पौर्णिमा. अन् त्याच्याखाली कोरं. लिवणाऱ्याचं नाव उंदरानं खाल्लं काय?”

“असंन काही,” नागसेन म्हणाला.

साडेपाचला व्हायोलिन सुरू झालं. मग पुण्याची एक मुलगी मंचावर आली आणि वरच्या पट्टीत लांबच लांब गात तिनं आईला चहा मागितला. आईनं खालच्या पट्टीत साखर संपल्याचं कळवलं. मैदान खदखदून हसलं.

“काऊन ओरडून राह्यली हे? इंचू चावला काय?” मागून कोणीतरी म्हणालं.

“चहाले इतका येळ लागला, तं लग्नाले सकाळच होते.”

नागसेननं मान खाली घातली. साखरेचं ते वाक्य त्याचंच होतं. पण पुढच्याच प्रसंगात गावातल्या दोघांची ढोलकी आणि पेटी व्हायोलिनच्या हातात हात घालून चालू लागली, आणि हसणारे गप्प झाले. त्यानं हळूच मान वर केली.

गोष्ट साधी होती. काजल नावाची मुलगी नागपूरहून गावी परत येते, सोबत आपण पसंत केलेला मुलगा. गाव चावडीवर जमतं. विरोध करायचा यावर सगळ्यांचं एकमत. पण विरोध करण्याचा हक्क कोणाचा, यावर अडतं, कारण काजल कोणाच्यातली हेच कोणाला सांगता येत नाही. आडनाव कुठंच येत नाही. एकदा वाचनालयातल्या कार्डांवर दोन काजलांची आडनावं लिहायची नागसेनकडून राहून गेली होती. एक रूपरावची नात, एक विहार समितीच्या नानाजींची. वर्षभर एकीचं पुस्तक दुसरीच्या घरी गेलं आणि दोघींनीही तक्रार केली नाही. वही तिथून सुरू झाली होती.

आता मंचावर दोन म्हातारे समोरासमोर उभे राहून गात होते, “ही तुमची, ही तुमची,” आणि मैदानातलं वारं बदललं होतं.

“थांब ना बे,” रूपराव पुटपुटला. “हे आमच्या काजलवर लिवलं. मांगच्या साली थे नागपूरले राहाले गेलती.”

त्याच क्षणी मागच्या रांगेतून नानाजींचा खर्जातला आवाज आला. “आपल्या काजलवर लिवून राह्यले हे. साफ दिसते.”

 नागसेनला भीती वाटत होतीच, पण तिच्या आत दुसरंही काहीतरी होतं. त्याला कबूल करायला लाज वाटत होती, इतकं ते आनंदासारखं होतं. लोक त्याच्या शब्दांवर चिडले होते. म्हणजे ते शब्द त्यांनी नीट ऐकले होते.

बबनराव उभा राहिला. गावात सभा कुठलीही असो, मध्येच उभं राहायचं काम त्याचं. “बंद करा हे. पैले लिवणाऱ्याचं नाव सांगा. समोर आना त्याले.”

“आना,” दोन्ही बाजूंनी आवाज उठला. अल्लीपुरात इतकं एकमत बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

“मले भेटला तं दाखवतो त्याले,” रूपराव म्हणाला आणि नागसेनच्या मांडीवर थाप मारली.

पौर्णिमा मंचाच्या कडेला आली. ओढणीचं टोक मुठीत होतं, आवाज मात्र स्थिर होता. “लेखकाला मी विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं नाही. त्यांनी हो म्हटल्याशिवाय नाव सांगणार नाही. काय बोलायचं ते मला बोला.”

तिनं नागसेनकडे पाहिलं नाही. कटाक्षानं पाहिलं नाही. तो खुर्चीचे हात धरून अर्धा उठला, तसाच थबकला, आणि परत बसला.

“काऊन, पाय आखडला काय?” रूपरावनं विचारलं.

बायकांच्या बाजूनं आवाज आला. “बबनराव, बसा ना बाप्पा खाली. तुमच्या पाठीपायी आमाले काहीच दिसून नाई राह्यलं.”

ती रूपरावची बायको, कोकिळा. बायका हसल्या. बबनराव बसला, आणि पेटी पुन्हा सुरू झाली.

शेवटचं पान नागसेनला सर्वात जास्त टोचत होतं. काजल सगळ्यांकडे पाठ करून उभी असते. बाप विचारतो, “काजल, तू कोनाची?” आणि त्याखाली त्यानं लिहिलं होतं: शांतता. पडदा. पुण्यातल्या प्रयोगात म्हणे या जागी लोक श्वास रोखून बसले होते. खरं एवढंच होतं, की पुढं काय लिहावं हे त्याला कळलं नव्हतं.

बापाचं काम करणाऱ्या गायकानं ओळ सोडली. व्हायोलिन थांबलं.

पण या गावात गायलेली ओळ अशी लोंबकळत ठेवत नाहीत. देवळातलं भजन असो की विहारातलं, पुढच्यानं ओळ सोडली की मागच्यांनी तीच उचलून झील ओढायची; लहानपणापासून गळ्यांना तीच सवय. पुण्यात राहून पौर्णिमा हे विसरली होती.

“काजल, तू कोनाचीऽऽ,” शेजारून खणखणीत आवाज निघाला. रूपराव तीस वर्षं भजनी मंडळात झील ओढत आला होता. आपण काय केलं हे कळून त्यानं तोंडावर हात ठेवला, पण तोवर मागून नानाजींनी ती उचलली होती, आणि त्यांच्यामागून अर्ध्या मैदानानं. मग सगळे हसले. गायक गोंधळला. काहीच न सुचून त्यानं तीच ओळ पुन्हा म्हटली. या वेळी सगळ्यांनी ठरवून उचलली. ढोलकीवाल्यानं वाट न पाहता ठेका धरला.

आणि तिसऱ्यांदा ओळ खाली येताना बायकांच्या बाजूनं एक एकटा आवाज वर चढला, अगदी सुरात:

“तिचं तिले पुसा, बाप्पा, तिचं तिले पुसा.”

कोकिळा बसल्या जागीच गात होती, डोळे मिटून. दुसऱ्या खेपेला तिच्याबरोबर दहा जणी होत्या, तिसऱ्या खेपेला मोजता येणार नाहीत इतक्या. नानाजींची नात खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होती. मंचावर काजल झालेल्या मुलीला वहीत पाठ फिरवून उभं राहण्यापलीकडे काही नव्हतं. ती हळूहळू वळली आणि लोकांसमोर उभी राहिली.



नंतर मैदानात नुसता गलका होता. बबनराव अजून भांडत होता, पण ऐकायला कोणी थांबत नव्हतं. कोकिळा पदर सावरत नवऱ्याजवळ आली.

“हे तू कवा जुळवलं व?” रूपरावनं विचारलं.

“जुळवाचं काय त्यात? पुसलं त्यानं, म्या सांगतलं.” ती घाम पुसत होती. “चार जन बसले पुसाले, अन् पोरीकडं कोनी पाहेच ना. किती येळ आयकावं?”

ती पौर्णिमाकडे गेली. नागसेन तिच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “रूपराव, पेन आहे काय?”

रूपरावच्या खिशाला पेन होतं. नागसेननं खिशातून पाकीट आणि घडी घातलेला कोरा कागद काढला. तो कागदही तीन वर्षं त्या पाकिटाबरोबरच होता. खुर्चीच्या पाठीवर ठेवून त्यानं लिहिलं. एकदाही न थांबता.

‘पौर्णिमा, हो. शेवटच्या पानावरची शांतता खोडून टाक. तिथं कोकिळावहिनींची ओळ घे. त्यांनाही विचार. फलकावर लेखक म्हणून दोघांची नावं. आडनावं नकोत. नागसेन.’

रूपराव पेपर वाचावा तसं ओठ हलवत वाचत होता. वाचून झालं. ज्या हातानं थाप मारली होती त्या हाताकडे त्यानं एकदा पाहिलं.

“पाकिटावर पुण्याचा पत्ता हाये,” तो म्हणाला.

नागसेननं कागद पाकिटात घालून ते बंद केलं, पुण्याचा पत्ता खोडला आणि बाजूला अल्लीपूरचा, तिच्या आईच्या घरचा, लिहिला.

“थे तं समोर उभी हाये. वीस पावलं नाई. हातातच दे ना.”

“तिनं पोष्टानं विचारलं होतं,” नागसेन म्हणाला.

मैदानाच्या कोपऱ्यावर पोस्टाची लाल पेटी होती. दोघं तिथवर चालत गेले. नागसेननं पाकीट आत सोडलं. मग पेटीच्या तोंडात दोन बोटं घालून ते खरंच खाली पडलं ना, हे पाहिलं.