पाहुणी म्हणून

तोकिएनं दारात बूट काढले, वाकून त्यांची टोकं रस्त्याकडे वळवली आणि मुलीचे बूटही उचलले.

"अहो, राहू द्या ना," गरम झऱ्याच्या त्या सरायीची तरुण मालकीण रित्सुको लगबगीनं पुढे आली. "ते आमचं काम."

"आई, सोड," चिनात्सु हळूच म्हणाली. "आज तू पाहुणी म्हणून आलीयस."

तोकिए सरळ उभी राहिली. याच दारात तिनं सोळा वर्षं लोकांचे बूट वळवले होते. रित्सुको या घरात सून होऊन आली ती त्यानंतर, त्यामुळे ती ओळखणार नव्हती. खोलीही चिनात्सुच्या सासरच्या नावानं घेतलेली होती.

बावीस वर्षांपूर्वी सेन्दाईहून आलेल्या एका डॉक्टरच्या बायकोची मोत्याची अंगठी खोलीतून नाहीशी झाली. त्या खोलीचं काम तोकिएकडे होतं. तेव्हाच्या मालकीणबाईंनी, रित्सुकोच्या सासूनं, सगळ्या नोकरमाणसांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि त्यांच्यादेखत तोकिएला किमोनोचा पट्टा सोडायला लावला. काही निघालं नाही. तरीही संध्याकाळच्या आत तिला मागच्या दारानं घालवून दिलं. नंतर त्या खोऱ्यातल्या एकाही सरायीनं तिला उभं केलं नाही. समुद्राकाठच्या कारखान्यात मासे साफ करण्यात तिची पुढची वर्षं गेली. चिनात्सु तेव्हा अकरा वर्षांची होती. वर्गातली पोरं तिला नावानं हाक मारतच नसत. "ए अंगठी!" म्हणत.

खोलीत चहा झाला. चिनात्सुनं कप खाली ठेवला.

"म्हातारी अजून आहे म्हणे. तिला तोंडावर विचार, आई. मी नको असेन तर एकटी जा. पण विचार."

"विचारते," तोकिए म्हणाली. बसमध्ये सबंध रस्ताभर तिनं ते एक वाक्य मनात घोळवलं होतं. मालकीणबाई, तुमच्याकडे कुठला पुरावा होता?

अजून उजेड होता. अंघोळ करून घ्यावी म्हणून ती सुती झगा घालून खालच्या सामायिक स्नानघराकडे उतरली. बायकांच्या बाजूचा लाल पडदा बाजूला सारला तर आत रित्सुको बाह्या सावरून उभी होती. समोर बुटक्या स्टुलावर एक म्हातारी पाठमोरी बसली होती. अंगानं इतकी वाळलेली की मणके मोजता यावेत.

"माफ करा हं, गर्दी व्हायच्या आत सासूबाईंना अंघोळ घालून घेते. चालेल ना तुम्हाला?" तेवढ्यात बाहेरून रित्सुकोला हाक आली. ती अवघडली. "दोनच मिनिटं लक्ष ठेवाल? नवी मंडळी आलीयत. सासूबाईंना काही कळत नाही हल्ली, उठून चालायला लागतात."

तोकिएनं मान हलवली. पावलं लांब गेली. कुंडात पाणी पडत राहिलं. गंधकाचा तो वास तिच्या ओळखीचा होता. पूर्वी तो केसांतून निघता निघत नसे.

"उभी काय राहिलीस? पाठ घास," म्हातारी मागे न बघता म्हणाली.

तोकिए गुडघ्यांवर बसली. पंचा ओला करून पिळला आणि मानेपासून खाली घासू लागली. खांद्याच्या हाडाशी जरा थांबून जोर द्यायचा, हे हातांना आठवत होतं.

म्हातारीची मान एकदम ताठ झाली.

"तोकिए ना गं तू?"

पंचा थांबला.

"हो, मालकीणबाई."

"होतीस कुठं इतके दिवस? या आताच्या बाया नुसत्या कुरवाळतात. हातात जोर म्हणून नाही मेल्यांच्या."

बसमध्ये घोळवलेलं वाक्य तोकिएच्या घशाशी आलं. बाहेर पडलं ते दुसरंच.

"तुम्हीच घालवलंत मला."

"मी? का?"

"डॉक्टरीणबाईंची अंगठी चोरली म्हणून."

म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. तोकिएनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तू आणि चोरी? अगं, उरलेला मासा घरी ने म्हटलं तर तीनतीनदा विचारायचीस, नेऊ ना, खरंच नेऊ ना म्हणून! कोण म्हणालं असं? नाव सांग मला. बघतेच तिच्याकडे."

तोकिएनं बादलीतलं पाणी हातावर घेऊन पाहिलं. मग ते त्या पाठीवर बेतानं ओतलं.

"सांग ना गं."

"आठवत नाही, मालकीणबाई."

"भित्री आहेस अगदी. जरा वर घास. हां, तिथं."

रित्सुको धापा टाकत परत आली आणि तोकिएच्या हातातला पंचा पाहून कानापर्यंत लाल झाली.

"अगंबाई! तुम्हाला पाठ घासायला लावली? फार चुकलं माझं." तिनं कमरेत वाकून नमस्कार केला. "काही बोलल्या असतील तर मनावर घेऊ नका. कुणालाही काहीही म्हणतात. काल एका पाहुण्याबाईंना बहीण समजून रडत होत्या."

"नाही," तोकिए म्हणाली. "चांगलंच बोलल्या."

रित्सुकोनं सासूला धरून उठवलं. दारापाशी म्हातारी वळली. तोकिएकडे पाहून तिनं अदबीनं मान लववली. चेहऱ्यावर सगळ्या पाहुण्यांसाठी असतं ते हसू होतं.

"लांबून आलात ना? सावकाश अंघोळ करा हं, ताई. पाणी फार गुणाचं आहे आमचं."

तोकिए एकटी राहिली. कुंडात उतरायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. ती हात पुसून वर आली.

चिनात्सु खोलीच्या दारातच उभी होती.

"खालच्या बाई सांगत होत्या, त्यांच्या सासूबाई तिथंच होत्या म्हणून. भेटली?"

"भेटल्या."

"काय म्हणाली?"

तोकिए चटईवर बसली. दोन्ही हात तिनं मांडीवर ठेवले. बोटं पाण्यानं सुरकुतली होती.

"पाठ घास म्हणाल्या."

चिनात्सुचा आवाज बारीक झाला.

"आणि तू?"

"घासली."