चौथ्या ओळीनंतरची जागा

त्या वर्षी कार्निव्हलच्या आधी एका गाण्यानं अख्ख्या पोर्ट ऑफ स्पेन शहराला वेड लावलं होतं. टॅक्सीत तेच, छोले भरलेल्या पुऱ्यांच्या, म्हणजे डबल्सच्या, गाडीवर तेच, चर्चमधून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ओठांवरही तेच. शब्द अगदीच फुटकळ होते. कोणीतरी कोणालातरी जवळ बोलावत होतं, एवढंच. पण चाल मात्र एकदा कानात शिरली की भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी हलायचं नाव घेत नसे.

वर्ना लेझामाला त्या चालीशी गोड बोलून भागणार नव्हतं. टेकडीवरच्या पॅनपथकासाठी ते गाणं बसवायचं काम तिच्याकडे होतं, आणि आधी गाण्याचा सांधा न् सांधा वेगळा केल्याशिवाय ते पॅनवर, म्हणजे सुरात ठोकलेल्या पोलादी पिंपांवर, चढवता येत नाही, असं तिचं ठाम मत होतं. दुपारी ओसरीवर बसून ती एकेक ओळ ऐके, थांबवी, पुन्हा ऐके. पहिल्या तीन ओळी ठेक्याच्या किंचित आधी सुरू होऊन उतारावर सोडलेल्या सायकलीसारख्या पुढं धावत होत्या. चौथी मात्र बरोबर ठेक्यावर पाऊल टाकी आणि पाचव्या सुराच्या कॉर्डवर, त्या सुरांच्या जुडग्यावर, मूळ सुराचं घर समोर दिसत असताना, उंबऱ्याबाहेरच थांबे. पुढं दोन मात्रा नुसती शांतता. सगळी लबाडी तिथं होती. ऐकणाऱ्याला ती ओळ मनातल्या मनात स्वतःच घरी पोचवावी लागे, आणि म्हणून गाणं डोक्यातून जात नसे. वर्नाला हे उलगडलं तेव्हा ती स्वतःशीच हसली.

दुसऱ्या दिवशी त्या शांततेत तिला कोणीतरी उत्तर देताना ऐकू आलं.

खालच्या पट्टीतला एका बाईचा आवाज होता. घाई नाही, जोर नाही. मधल्या एका उदास सुरावर क्षणभर रेंगाळून तो सावकाश घरच्या सुरावर येऊन टेकत होता. वर्नानं गाणं पुन्हा लावलं. आवाज होता. पथकाचा कप्तान बॉयसी रामदीन आला, तेव्हा तिनं त्यालाही ऐकवलं.

"चौथ्या ओळीनंतर काय आहे रे?"

"काही नाही, मिस वर्ना. तिथं आपण कंबर हलवायची!" त्यानं खुर्चीतल्या खुर्चीत हलवूनही दाखवली.

वर्ना हसली, पण तो आवाज बॉयसीला ऐकू आला नव्हता. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. हातपाय सुधारले, बोलणं सुधारलं. कानांचं मात्र डॉक्टरांनी नीट काही सांगितलं नव्हतं. पथकातले काही जण कोणी तरुण माणूस बघा म्हणून बॉयसीच्या मागं लागले होते, आणि तो तिच्या बाजूनं भांडला होता. कान गेले तर आपल्याकडे उरतंच काय, या विचारानं तिला रात्र रात्र झोप लागेना. तिनं ठरवलं, कोणाला म्हणून सांगायचं नाही. इतरांना ऐकू येतं तेवढंच शिकवायचं आणि ती जागा स्वच्छ रिकामी ठेवायची.

तिनं ते पाळलं. पथकाच्या तालमीच्या आवारात सुरांचे कागद कोणी वापरत नाही. बसवणारा ओळ वाजवून दाखवतो, पुढचे उचलतात, आणि ज्याची ओळ निसटली तो शेजाऱ्याचे हात बघून शिकतो. म्हणून एकाची चूक बघता बघता रांगभर पसरते. वर्ना चौथ्या ओळीनंतर दरवेळी मूठ वर करून सगळ्यांना थांबवी, आतल्या आत तो आवाज संपू देई, आणि मग पुढं जाई.

एका संध्याकाळी सगळं गाणं पहिल्यांदा सलग वाजलं. चौथी ओळ उंबऱ्याशी आली, आणि त्या शांततेत मधल्या रांगेतल्या पॅनमधून ते उत्तर वाजलं. तेच सूर, तोच उदास रेंगाळ.

वर्नाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिचे कान शाबूत होते!

"नाही आवडलं?" बॉयसी घाबरला.

"अरे गाढवा, आवडलं! कोणी घातलं हे?"

"आम्हाला वाटलं, तुम्हीच."

ती डोळे पुसत रांगेतून निघाली. ज्याला विचारावं तो डावीकडे बोट दाखवी. मी याच्याकडून उचललं, मी हिच्याकडून. सगळ्यांत शेवटी भिंतीपाशी शार्मेन ही पोरगी होती. गालात चणे, हातात पॅनच्या काठ्या.

"तू कोणाकडून शिकलीस गं?"

शार्मेननंही डावीकडे मान वळवली.

"तिकडं भिंत आहे, बये."

"हो ना. तिला टेकूनच उभी असते ती. आणि बाई, काय हात आहे तिचा!"

रांगेत कोणी हसलं नाही. एरवी साध्या शिंकेवरही टोमणा मारणारी ही माणसं! पण वर्नाला इतकं हलकं वाटत होतं की तिनं ती थट्टाच धरली, शार्मेनच्या डोक्यावर टपली मारली आणि सगळ्यांना पुन्हा सुरुवातीपासून घ्यायला सांगितलं.

पॅनं थांबली की ते सूरही थांबतात, एवढं बघून खुंटा हलवून बळकट करावा म्हणून तिनं चौथ्या ओळीच्या टोकाला मूठ वर केली. सगळी पॅनं एकदम गप्प झाली.

एक मात्र थांबलं नाही. भिंतीकडून ते सूर एकेक करून येत राहिले, नेहमीपेक्षाही सावकाश. सगळ्यांचे हात खाली होते, आणि वर्नाला पुन्हा ऐकू येत होतं. म्हणजे ते डोक्यातलंच. पुन्हा एकटीलाच. भिंतीकडे बघायचा तिला धीर झाला नाही. तिनं बॉयसीकडे पाहिलं आणि जेमतेम आवाज काढून विचारलं, "पुढं घ्यायचं ना?"

बॉयसीनं काठ्या काखेत धरल्या होत्या. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा की, मिस वर्ना. तिचं होऊ दे."

वर्नानं सुटकेचा मोठा श्वास सोडला, आणि सगळ्यांबरोबर ते सूर संपायची वाट बघत उभी राहिली.