धोंडीबाईची साक्ष

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर कोणी नवा माणूस प्रार्थनेला आला की पास्टर बुधाभाऊ त्याला आधी धोंडीबाईची साक्ष ऐकवायचे. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्याला कसं बरं केलं, ते चार माणसांत उभं राहून सांगणं. धोंडीबाईला ते छान जमायचं. पोटात गोळा झाला होता. भगताने कोंबडा घेतला, दवाखान्याने औषध दिलं, कशानेच उतार पडेना. मग प्रार्थना झाली आणि ती उठून भाताच्या लावणीला गेली. यात खोटं काही नव्हतं, तिला खरंच बरं वाटलं होतं. त्याआधी एकदा वैतागून तिने दवाखान्याच्या गोळ्या चुलीत टाकल्या होत्या, हेही खरं. ते सांगितलं की प्रार्थनेच्या मांडवातली माणसं ‘हालेलुया’ म्हणत टाळ्या वाजवायची. म्हणून ते वाक्य ती दर खेपेला जरा जोरात म्हणू लागली होती.

होळीनंतर दुखणं परत आलं. नवऱ्याने, नवसूने, बाजाराचं निमित्त करून तिला जव्हारला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, नवसूला बाजूला घेतलं आणि आता फार उशीर झाला म्हणून सांगितलं. नवसूच्या पोटात काही राहत नसे. परत येताना घाटातच त्याने तिला सांगून टाकलं आणि रडला.

‘‘कोनाला बोलू नको,’’ ती म्हणाली.

‘‘का? तुझ्यासाठी प्रार्थना करतील ना.’’

‘‘माझ्याकडं बघून आलीत ती मानसं. त्यांना काय सांगू? देवानं दिलं न परत नेलं?’’

मरणाची भीती होतीच. पण दुसरीही एक गोष्ट होती. मूलबाळ नसलेल्या धोंडीबाईला पाड्यात कोणी कधी पुढे बसवलं नव्हतं. मांडवात तिला पुढची जागा होती. बायका तिला नावाने हाक मारून पाणी द्यायच्या. तेवढं एक हातचं जाऊ नये, असं तिला वाटे. म्हणून लुगडं घट्ट आवळून ती दर रविवारी उभी राहत होती.

त्या रविवारी पोशी आली. पलीकडच्या पाड्यावरची. नवऱ्याला, लक्ष्याला, जीपमध्ये घालून आणलं होतं. त्याला टीबी झालेला. पाठीचे मणके मोजावे इतका तो वाळला होता. मांडवात गोधडीवर पडून खोकत होता.

‘‘धोंडीबाय,’’ काळ्या म्हातारा मागून ओरडला, ‘‘गेल्या रविवारी गोळा नारळाएवढा होता. आज नवी मानसं हायत, कलिंगडाएवढा कर!’’

सगळे हसले. धोंडीबाईही हसली. हसताना आत कळ गेली.

पोशी तिच्याजवळ सरकली आणि कानात बोलावं तसं, पण आनंदाने म्हणाली, ‘‘बाई, तुझी साक्ष माझ्या भावजयनं सांगितली मला. मीपन टाकल्या.’’

‘‘काय टाकल्या?’’

‘‘याच्या गोळ्या. दवाखान्याच्या आशाताईनं दिलेल्या. सगळ्या चुलीत. आता देवच बघंल.’’

धोंडीबाईने गोधडीवरच्या लक्ष्याकडे पाहिलं. तेवढ्यात बुधाभाऊंनी हाक मारली, ‘‘या धोंडीबाई, सांगा.’’

ती उभी राहिली. नवसू मांडवाच्या मेढीला टेकून तिच्याकडे बघत होता. तिने तोंड उघडलं, मिटलं. माणसांना वाटलं, भरून आलंय. कोणीतरी ‘स्तुती असो’ म्हणालं.

‘‘माझं दुखनं परत आलंय,’’ ती म्हणाली. ‘‘होळीपासनं. डॉक्टर बोलला, मी वाचनार नाय.’’

ढोलकीवाल्याचा हात ढोलकीवर तसाच राहिला.

‘‘मग इतके रविवार तू लोकांना गोष्ट सांगत होतीस?’’ पोशी उठली.

‘‘गोष्ट नाय गं. बरी झालते, देवाशपथ बरी झालते. आता नाय. न गोळ्या मी रागानं टाकल्या होत्या, विश्वासानं नाय. तू याला दवाखान्यात ने. तिथं परत देतात. आजच ने, खाली जीप हाय.’’

‘‘तुझं ऐकून टाकल्या,’’ पोशीचा आवाज फाटला, ‘‘आता तुझंच ऐकून जाऊ?’’

पोशीने लक्ष्याला काखेत धरून उठवलं. कुठे जाते ते बोलली नाही. दोघं पायवाटेने उतरून दिसेनाशी झाली. त्यांच्यामागून आणखी काही घरं उठली. काळ्या म्हातारा मान खाली घालून बसून राहिला.

बुधाभाऊ हळू म्हणाले, ‘‘गोळ्या सोडा असं मी कधी बोललो नाय, बाई.’’

‘‘नाय बोललात, भाऊ. टाळी मात्र वाजवलीत. न मी वाजवून घेतली.’’

ते गुडघ्यांवर बसले आणि तिच्यासाठी प्रार्थना करू लागले. प्रभू, तुझ्या लेकरावर दया कर, एवढंच म्हणाले. राहिलेल्यांनी ‘आमेन’ म्हटलं. धोंडीबाईचं त्यात लक्ष नव्हतं. तिचा कान खालच्या रस्त्याकडे होता. जीप चालू झाली. फाट्यावरून डावीकडे गेली तर पोशीचं घर. उजवीकडे घाट, तो उतरून खोडाळा, मोखाडा, जव्हारचा दवाखाना. आवाज फाट्यापर्यंत गेला आणि थांबला. कितीतरी वेळ थांबला. माय गं, जा, उतर, असं ती ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. देवाला म्हणत होती की पोशीला, तिचं तिलाही कळलं नसतं.

मग हॉर्न ऐकू आला. घाटाच्या पहिल्या वळणावर गाडीवाले वाजवतात तसा, लांबलचक.

धोंडीबाईने पोट धरलं, होती तिथेच खाली बसली आणि होळीपासून पहिल्यांदा सगळ्यांदेखत मोठ्याने कण्हली.