स्पेनचा दाखला, किन्हीराजाचं घर

मी एक जुना जन्मदाखला आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा, पण मित्रांनो, कागदाच्या जातीत सहा वर्षं काही थोडकी नव्हेत. माझा जन्म स्पेनमधल्या एका कचेरीत झाला. किन्हीराजा गावचा विनोद तिथे संत्र्यांच्या बागेत कामाला होता. त्याला मुलगी झाली, सुजाता, आणि तिच्या मागोमाग मी आलो. जाड कागद, निळा शिक्का, अक्षर न् अक्षर स्पॅनिश. दिसायला मी देखणा होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे विनोदची बायको सपना लेकीला घेऊन गावी परतली आणि विनोद स्लोव्हेनिया देशात ट्रक चालवू लागला. दोघींना तिकडे न्यायचं तर तिथल्या सरकारला मी हवा होतो, पण त्यांच्या भाषेत आणि कोर्टाने नेमलेल्या दुभाष्याच्या शिक्क्यानिशी. मुदत दोन महिन्यांची. नागपूरपर्यंत चौकशी झाली. स्पॅनिशचं इंग्रजी करणारे भेटले, स्लोव्हेनियन म्हटलं की सगळे हात वर करत. सपना मात्र हट्टाला पेटली. तिने मोबाइलवर तिकडच्या दुभाष्यांची यादी शोधली आणि पाच जणांना लिहिलं. चौघांनी नाही म्हटलं. पाचव्या इरेनाबाई.

त्यांचा होकार आला, तेव्हा मी घरात नव्हतोच. सपनाचे सासरे भिवाजी मला घेऊन तालुक्याच्या गावी, मालेगावला गेले होते. त्यांचा सातवीचा दाखला एकदा उदईने, म्हणजे वाळवीने, खाल्ला आणि शिपायाची नोकरी हुकली. तेव्हापासून घरातला प्रत्येक कागद ते प्लास्टिकात बंद करून आणत. माझीही पाळी आली म्हणून मी फुशारलो होतो. दुकानातलं लॅमिनेशनचं मशीन तापलं, मी पाकिटात शिरलो आणि भिवाजींचा फोन वाजला. सपना होती.

"मामाजी, दाखला कुठी हाय?"

"हा काय, मशीनपाशी. पक्का करून आनतो."

"नोका करू. त्या बाई आपल्या कागदाले तर्जुमा दोऱ्यानं शिवतात अन् त्याच्यावर शिक्का मारतात. प्लास्टिक चढलं तं त्यायले चालत नाई."

"अन् उदई लागली तं?"

"दोन महिन्यात कायची उदई, मामाजी?"

 भिवाजींनी स्वतःच्या हाताने मला पाकिटातून बाहेर काढलं. 

मी टपालाने स्लोव्हेनियाला गेलो. इरेनाबाईंनी मला ओळ न् ओळ वाचलं, तर्जुमा लिहिला आणि सुई घेतली. तीन भोकं पडली. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. मुदतीला आठ दिवस उरले असताना विनोदने मला कचेरीत दिलं. आता सुजाता तिथल्या शाळेत जाते.

मित्रांनो, आपले कागद जिवापाड जपा, पण ते उद्या कुणाच्या हाती जायचे आहेत, हेही आधी विचारा. किन्हीराजाच्या घरी भिंतीवर माझी रंगीत झेरॉक्स आहे, मला शिवल्यावर विनोदने काढून पाठवलेली आणि भिवाजींनी प्लास्टिकात घालून लावलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते माझा शिक्का दाखवत नाहीत. त्या तीन भोकांवर बोट ठेवून सांगतात, "इथून गेली माही नात."