पेटीतली लढाई

मी एक पेटी बोलतेय. उथळ, सागवानी, जन्म भातकुली गावचा. दुर्गाबाई माळीण माझ्यात वांग्याची रोपं करायच्या. त्यांचे चिरंजीव वामनराव अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवू लागले आणि मला सोबत घेऊन गेले.

मग माझ्यात लढाया पिकू लागल्या. वामनराव काळी माती थापून टेकड्या करायचे. चिंचोके म्हणजे पायदळ, तुरीचे दाणे म्हणजे घोडदळ. विद्यार्थी भोवती दाटी करायचे. काय दिवस होते ते! बाकीचे मास्तर हसायचे, ‘माळ्याच्या हातची माती सुटत नाही’ म्हणायचे. मला राग यायचा, वामनरावांना नाही.

अकोटकडच्या एका जुन्या लढाईवर ते सहा वर्षं प्रबंध लिहीत होते. समोर मोकळं रान असूनही सरदाराने घोडदळ सोडलं नाही, अर्थात तो भ्याला, असा त्यांचा निष्कर्ष. प्रबंध मान्य झाला की प्रोफेसरची जागा त्यांचीच होती. नागपूरला विद्यापीठात पाठवायला आठ दिवस उरले होते.

तेव्हाच दुर्गाबाई भेटायला आल्या. माझ्यात मांडलेली लढाई पाहून, ती कोणत्या महिन्यातली, असं त्यांनी विचारलं. कार्तिकातली, वामनराव म्हणाले.

“मंग यात जवारी कुठी हाय? कार्तिकात घोड्यावरचा मानूस बुडते जवारीत. त्याले समोरचं दिसलंच नसन. भित्रा कावून म्हनतं त्याले?”

वामनरावांनी नकाशे पुन्हा उलगडले. इंग्रज साहेबांनी काढलेल्या त्या नकाशांत डोंगर होते, नाले होते, पीक नव्हतं. शेतात वाढलेल्या माणसालाही ते सुचलं नव्हतं.

नागपूरला कुणाच्या लक्षात आलं नसतं. गप्प बसावं, असं मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू! पण त्यांनी प्रबंध पाठवलाच नाही. जागा दुसऱ्याला गेली.

पुढची तीन वर्षं ते अकोटची शिवारं आणि जुनी दप्तरं धुंडाळत राहिले. अखेर नव्याने लिहिलेल्या प्रबंधाला पदवी मिळाली. दुर्गाबाई तेव्हा आमच्याकडेच, अंथरुणाला खिळलेल्या. पगार वाढला का, हे त्यांनी विचारलं नाही.

“त्या मानसाचं नाव धुतलं का, बापू?”

“धुतलं, माय.”

पुढे कॉलेजातली नोकरी सुटली; आता वामनराव अकोल्याच्या शाळेत शिकवतात. मी इथेच, अमरावतीच्या त्यांच्या जुन्या घरात, माळ्यावर पडून आहे, त्यांची फार आठवण येते. माझं काय, लाकूडच. उद्या चुलीत घातलंत तरी चालेल. पण तोवर कुणी त्यांना वाया गेलेला माणूस म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.